नलूताईंची अमेरिका

नलूताई कर्णिक अमेरिकेला कधीही गेल्या नाहीत. त्यांची मुलगी एडिनबराच्या हॉस्पिटलात डॉक्टर होती. तिने दोनदा अमेरिकेच्या सहलीचं सगळं ठरवत आणलं होतं आणि दोन्ही वेळा नलूताईंनी मोडता घातला. "आजची अमेरिका बघून मी काय करू?" त्या म्हणायच्या. "माझी अमेरिका एकोणीसशे वीस साली संपते." आता जी अमेरिका वीस साली संपली ती ऐंशीच्या दशकात, लंडनच्या हॅरोमध्ये, आमच्या डोक्यावर आणून बसवायचं काही कारण होतं का? पण नलूताईंनी त्यात आयुष्याची चांगली वर्षं घालवली. माझीही काही गेली, कारण मी मराठी मंडळाचा सेक्रेटरी होतो.

हॅरोतल्या एका कॉलेजात त्या ए-लेव्हलच्या, म्हणजे आपल्या बारावीच्या, मुलांना इतिहास शिकवायच्या. विषय अमेरिका, आणि त्यातही विसाव्या शतकाची पहिली वीसेक वर्षं. तेव्हा तिकडे म्हणे शहरं पुढाऱ्यांच्या टोळ्यांनी वाटून घेतली होती, गिरण्यांत लहान पोरं राबत होती, डबाबंद मांसात नको ते निघत होतं आणि बायकांना मत नव्हतं. मग शिक्षिका, वार्ताहर, वकील अशी साधी माणसं उठली आणि एकेक गोष्ट धसाला लावत गेली. हे मला कसं ठाऊक? मी अकाउंटंट. इतिहासाशी माझा संबंध शाळेतच सुटला. पण नलूताईंच्या गाडीतून कोणी नुसतं स्टेशनपर्यंत जरी आलं, तरी उतरताना त्याला तिकडचा बालमजुरीचा सगळा लढा पाठ झालेला असायचा. सिग्नल हिरवा झाला तरी त्या गाडी हलवत नसत. वाक्य पुरं झालं की हलवत. मागचे लोक हॉर्न वाजवायचे, आणि इंग्लंडात हॉर्न वाजतो म्हणजे माणूस किती टेकीला आला असेल बघा.

उंच, हडकुळ्या. सुती साडी, त्यावर जाड विणीचं कार्डिगन, पायात घोट्यापर्यंतचे बूट. कर्णिक फार लवकर गेले होते. त्यांच्याबद्दल त्या कधी बोलत नसत. कोणाच्याही घरी आल्या की बसण्याआधी पुढच्या खोलीचे पडदे सरकवायच्या. जाळीचे पडदेसुद्धा. "उजेड पडू दे," म्हणायच्या. "आधी उजेड, मग झाडू." हे त्यांचं ब्रीद होतं. माझी बायको त्या येणार म्हटलं की आधी खिडक्या पुसून घ्यायची आणि मग माझ्यावर चिडायची.

एक दुखरी जागा होती, ती म्हणजे दारूबंदी. त्याच सुधारकांनी तिकडे दारूबंदी आणली आणि त्याचं जे व्हायचं ते झालं. मी चिडलो की हमखास तिथे बोट ठेवायचो. त्यावर त्या शांतपणे थर्मासमधला चहा ओतून घ्यायच्या. "चुकले ना ते. पण लोकांना विचारून चुकले. पुढे लोकांनीच ते दुरुस्त केलं. तुझे करंदीकर न विचारता बरोबर असतात, ते मला चालत नाही."

करंदीकर आमचे अध्यक्ष. गोरेगोमटे, गोड बोलणारे, सगळ्यांना सांभाळून घेणारे. त्यांच्या कारकिर्दीत मंडळात तोवर एकही ठराव पडला नव्हता, कारण जो पडेल असा ठराव सभेत येतच नसे. सभेच्या आधी पंधरा दिवस आम्ही घरोघर चहा प्यायचो. कोणाचं काय दुखतंय ते बघून घ्यायचो. सभेत करंदीकर विचारायचे, "सर्वांना मान्य?" सगळे हात वर. इतिवृत्तात मी लिहायचो, 'एकमताने मंजूर'. मग बटाटेवडे. इतकी चांगली चाललेली गोष्ट नलूताईंच्या डोळ्यांत सलायची. त्यांच्या अमेरिकेत म्हणे प्रत्येक वॉर्डात एक बॉस असायचा आणि मतं आधीच ठरवून ठेवायचा. "करंदीकर वॉर्ड बॉस आहेत आणि तू त्यांच्या मशीनमधला स्क्रू," त्या मला म्हणाल्या. करंदीकरांनी हे ऐकलं आणि त्यांना वाटलं आपलं कौतुकच चाललंय.

नलूताईंचा पहिला मोठा प्रताप म्हणजे श्रीखंड. गणपतीच्या जेवणाचं श्रीखंड आम्ही घरीच करायचो. इतक्या माणसांचा चक्का टांगणार कुठे? त्या वर्षी तो करंदीकरांच्या बाथरूममध्ये टांगला होता. शॉवरच्या दांडीला, धुतलेल्या उशीच्या अभ्र्यांतून. यात विशेष काही नव्हतं. या देशात ज्याने ज्याने चक्का टांगला त्याने तो तिथेच टांगला असणार. पण नलूताई नेमक्या तेव्हा वर्गात मांसाच्या कारखान्यांचं प्रकरण शिकवत होत्या. सकाळी त्या करंदीकरांकडे जाऊन सगळं बघून आल्या. टबमध्ये वाकून बघितलं, अभ्र्यांचा वास घेतला, करंदीकरवहिनींना हात कशाने धुतले ते विचारलं. मग हॉलमध्ये आरती झाली, पानं मांडली गेली, आणि यांनी माइक हातात घेतला.

"जेवायला बसण्यापूर्वी एक माहिती. आजच्या श्रीखंडाचा चक्का अध्यक्षांच्या बाथरूममध्ये टांगलेला होता. थँक यू."

एवढंच बोलून खाली बसल्या. त्या दिवशी श्रीखंडाची पातेली जशीच्या तशी परत गेली. करंदीकरवहिनी भांडी ठेवण्याच्या खोलीत जाऊन रडल्या. आणि नलूताईंनी? त्यांनी श्रीखंड दोनदा मागून घेतलं आणि चाटूनपुसून खाल्लं.

"अहो ताई, काय केलंत हे!" मी म्हटलं. "स्वच्छ होतं ना?"

"स्पॉटलेस. मी स्वतः बघून आले. वेलचीही छान पडलीय."

"मग ते का नाही सांगितलंत माइकवर?"

"ते माझं मत झालं. लोकांना माहिती द्यायची, मत नाही. निर्णय त्यांचा त्यांनी घ्यायचा." आणि वाटी पुढे करून म्हणाल्या, "उरलं असेल तर थोडं डब्यात दे."

या बाईशी भांडायचं तरी कसं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसरं प्रकरण मतांचं. आमच्या मंडळात कुटुंबाला सभासद करून घ्यायचे आणि मत कुटुंबाला एक. ते कुटुंबप्रमुखाने द्यायचं. प्रमुख कोण, हे लिहून ठेवायची कोणाला गरज वाटली नव्हती. नलूताई विधवा, म्हणून त्या आपल्या घरच्या प्रमुख, म्हणून सबंध मंडळात मत असलेली बाई एकच. "कर्णिक गेले म्हणून मला मत मिळालं," त्या करंदीकरांना तोंडावर म्हणाल्या. "बाकीच्या बायकांनी काय तोवर वाट बघायची?" करंदीकरांनी बिस्किटांची बशी पुढे केली.

वार्षिक सभेत त्या बायकांना मत द्यायचा ठराव घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आधी विरोधी बाजू मांडते. सगळे खूश झाले. त्यांनी मांडली. नवरा मत देतो ते दोघांचं मिळूनच असतं. दोघांना वेगळं मत दिलं तर एक तर तेच मत दोनदा पडणार, नाहीतर घराघरात भांडणं लागणार. बायकांना घरची कामं काय कमी आहेत? आणि मुख्य म्हणजे चार-दोन शिकलेल्या बायका सोडल्या तर बायकांना स्वतःलाच हे नकोय. पुढच्या रांगेतले पुरुष माना डोलवत होते. करंदीकर म्हणाले, "अगदी मुद्देसूद."

"थँक यू," नलूताई म्हणाल्या. "यातलं एकही वाक्य माझं नाही. अमेरिकेत ज्यांना बायकांना मत द्यायचं नव्हतं ते लोक हे बोलायचे. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी. ते हरले."

मागच्या रांगेत कोणीतरी बाई मोठ्याने हसली आणि मग हसू आवरेना. ठराव पास झाला. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला मत. त्याच्याच शेपटीला त्यांनी आणखी एक कलम बांधलं होतं, की कोणीही मागणी केली तर मतदान गुप्त घ्यावं. ते कोणी नीट वाचलंसुद्धा नाही. मी वाचलं होतं, पण म्हटलं आमच्यात कोण मागतंय गुप्त मतदान.

त्यांच्यावर कोणी मात केलीच नाही असं नाही. मिल्टन कीन्सहून गायकवाड म्हणून एक इंजिनियर अधूनमधून कार्यक्रमांना येत. बौद्ध होते, तिकडच्या बौद्ध मंडळींच्या कामात असायचे, बोलायचे कमी. एकदा चहाच्या टेबलाशी नलूताईंचं नेहमीचं चाललं होतं, त्या सुधारकांनी शहरं कशी झाडून काढली वगैरे. गायकवाड ऐकत होते. मग म्हणाले, "ताई, एक विचारू? हे शहरं झाडत होते तेव्हा दक्षिणेत काळ्या माणसांना मतदानाच्या रांगेतून हाकलून देत होते. तुमचे सुधारक तेव्हा कुठे होते? की झाडू कोणाच्या हातात होता, हे सिलॅबसमध्ये येत नाही?"

मला वाटलं आता स्फोट होणार. नलूताईंनी कप खाली ठेवला. "बघत नव्हते ते," त्या म्हणाल्या. "काही जण तर सामील होते. मी एका तासात उरकते ते. चुकतं माझं." पुढच्या टर्मला त्यांनी तो सगळा भाग बदलून घेतला आणि गायकवाडांना वर्गात बोलायला नेलं. माझ्याशी वाद घालताना मात्र त्यांचं एकदाही चुकलं नाही, याची मला अजून चीड येते.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

वडील गेल्यावर आईला मी मिरजेहून कायमचं हॅरोला आणलं. आमच्याकडे तेव्हा घरोघर अशी एखादी आई किंवा सासू होती. सकाळी मुलगा-सून मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीने ऑफिसला, नातवंडं शाळेत, आणि ही दिवसभर हीटिंगजवळ बसून. टीव्ही इंग्रजी, शेजारी इंग्रज, बाहेर थंडी. कोणालाही दार उघडू नकोस, असं प्रत्येक मुलाने बजावलेलं. आई तक्रार करायची नाही. संध्याकाळी घरी आलं की मोज्यांच्या जोड्या लावून ठेवलेल्या असायच्या, सगळ्या कपबशांचे कान एका दिशेला. मी म्हणायचो, वा, छान.

एका दुपारी नलूताईंचा तास रिकामा होता म्हणून त्या आमच्याकडे गेल्या. आईने दार उघडलं नाही. पत्रं टाकायच्या फटीतून म्हणाली, "कोण आहे? मुलगा घरी नाही." नलूताईंनी नाव सांगितलं, तरी उघडेना. मुलाने सांगितलंय ना! मग नलूताई पायरीवर बसल्या, थर्मास उघडला, आणि दोघी त्या फटीतून बोलत राहिल्या. आई आत पायपुसण्यावर बसली होती. मिरजेच्या घरच्या जास्वंदीपासून माझ्या मुंजीपर्यंत सगळं बोलून झालं. समोरच्या गोऱ्या बाईने दोनदा येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना म्हणून.

त्या संध्याकाळी नलूताईंनी मला ऑफिसातून आल्या आल्या गाठलं. कोट काढू दिला नाही. "शरद, आज मी तुझ्या आईशी लेटरबॉक्समधून बोलले. धिस इज अ डिसग्रेस."

"अहो, तिनेच उघडलं नाही."

"तेच म्हणते मी."

मग अमेरिका आलीच. तिकडे इटलीहून, पोलंडहून आलेल्या लोकांच्या वस्त्यांत शिकलेल्या बायका जाऊन राहिल्या. घर भाड्याने घेतलं, दार दिवसभर उघडं ठेवलं, आणि परक्या देशात कोंडलेल्या बायका तिथे येऊन बसू लागल्या. "ती वस्ती म्हणजे आता आपण आहोत," नलूताई म्हणाल्या. मंडळाचा हॉल म्हणजे एक जुनं चॅपल होतं. त्याच्या मागे एक खोली होती आणि तिच्यात थर्माकोलचं मखर आणि घडी घातलेलं टेबल टेनिसचं टेबल पडून होतं. ती खोली त्यांना हवी होती. आठवडाभर, सकाळी मुलं शाळेत गेल्यापासून ती परत येईपर्यंत उघडी. हीटर, चहा, गप्पा. ने-आण करायला गाडीवाल्या बायकांच्या पाळ्या.

इतकी वर्षं त्यांच्या नावाने बोटं मोडली, पण हे मला पटलं. मनापासून पटलं. पायपुसण्यावर बसलेली आई डोळ्यांसमोरून हलत नव्हती. मी कामाला लागलो, आणि काम मला एकच येत होतं. पंधरा दिवस घरोघर चहा प्यायलो. करंदीकरांना ती खोली युवा विभागासाठी हवी होती. त्यांना दोनदा जेवायला बोलावलं. ज्यांचा विरोध होता त्यांना समजावलं, ज्यांना समजावता येईना त्यांना लाजवलं. सभेच्या आदल्या दिवशी हॉलमधला प्रत्येक हात माझ्या खिशात होता. नलूताईंना फोन करून म्हटलं, "ताई, झालं तुमचं काम. उद्या फक्त यायचं आणि बसायचं." त्या "अच्छा" म्हणाल्या. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

सभेत करंदीकरांनी ठराव वाचला. दोन चांगले शब्द बोलले. "सर्वांना मान्य?" हात वर जायला लागले, आणि नलूताई उठून उभ्या राहिल्या.

"हरकत आहे."

"कशाला?" करंदीकर म्हणाले. "अहो, ठराव तुमचाच आहे."

"माझा आहे म्हणूनच. मी गुप्त मतदानाची मागणी करते. तसं कलम आहे."

मी वाकून त्यांच्या कार्डिगनला धरलं. "ताई, प्लीज, बसा ना. झालंय सगळं."

"काय झालंय? मतदान कुठे झालंय अजून?"

"मी बोललोय सगळ्यांशी!"

"मला माहितेय. सोड माझं कार्डिगन."

अर्धा तास गेला तयारीत. गणपतीमागे लावतो तो लाल मखमली पडदा कोपऱ्यात बांधला. बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडली. चिठ्ठीवर 'हो' किंवा 'नको' लिहायचं. बायका पहिल्यांदाच मत देत होत्या, त्यामुळे पडद्याशी ही गर्दी. सगळ्यांत जास्त वेळ लागला तो म्हाताऱ्यांना. आई आत जाताना डोक्यावरून पदर घेऊन गेली, देवळात जाते तशी. नलूताई बाजूला उभ्या राहून हे बघत होत्या. त्यांचा चेहरा मी कधी इतका उजळलेला पाहिला नव्हता. माझा राग त्या एवढ्या वेळापुरता विरघळला होता, हेही सांगतो.

चिठ्ठ्या टेबलावर सगळ्यांसमोर उलगडल्या. दोन गठ्ठे केले. 'नको'चा गठ्ठा वाढायला लागला. मला आधी वाटलं काही तरी उलटसुलट होतंय. मग चिठ्ठ्यांवरचं अक्षर दिसलं. बऱ्याचशा चिठ्ठ्या म्हाताऱ्या हातांच्या होत्या, जुन्या वळणाच्या, शिरोरेघा थरथरलेल्या. नलूताईंनी शेवटची चिठ्ठी ठेवली, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ठराव फेटाळला गेला आहे," त्या म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा.

आणि तेव्हा करंदीकर, ज्यांना ती खोली स्वतःला हवी होती ते करंदीकर, उभे राहिले. "नलूताई, हे काही बरोबर झालं नाही. हे रद्द समजू. हात वर करून परत घेऊ या."

"खबरदार!" नलूताई एवढ्या जोराने ओरडल्या की एक बाळ रडायला लागलं.

कार पार्कमध्ये मी त्यांना गाठलं. मी फार बोललो. खोली हातात आली होती, तुमच्या हट्टापायी गेली, तुम्हाला म्हाताऱ्यांपेक्षा कलमं मोठी, तुम्हाला माणसं कळत नाहीत, सगळं बोललो. त्या गाडीच्या टपावर थर्मास ठेवून ऐकत होत्या. थर्मासचं झाकण काही त्यांना लावता येईना, आटे बसत नव्हते.

"ते हात तू वर करायला लावले होतेस, शरद," त्या म्हणाल्या. "खोली मिळाली असती. आणि एक बाई आली नसती तिथे. मग तूच म्हणाला असतास, बघा, यांना गरजच नाही."

"आता तरी कोण येणार आहे?"

"कोणी नाही. पण आता मला माहितेय की त्यांना नकोय. का नकोय ते माहीत नाही. ते विचारायला हवं होतं. आधी." मग म्हणाल्या, "मला वाईट वाटलंय. खूप वाटलंय. पण ते माझं झालं, त्यांच्या मताशी त्याचा काही संबंध नाही." झाकण तसंच ठेवून त्या गाडीत बसल्या. थर्मास टपावर राहिला होता. तो मी काढून आत दिला.

घरी येताना गाडीत मी विचारलं, "आई, कोणी दिली असतील गं विरोधात मतं?"

"मला काय विचारतोस? गुप्त होतं ना ते?"

पुढे कधीतरी मटार सोलता सोलता तिने आपणहून विषय काढला. "बाकीच्या म्हणत होत्या हं, मी नाही. म्हणत होत्या, त्या खोलीत जाऊन बसलं की दुसऱ्या दिवशी सगळ्या हॅरोला कळणार. आठवड्यात मिरजेला. मुलाने विलायतेला नेलं आणि आश्रमात टाकलं. मुलाची अब्रू काय राहते मग?" शेंगा संपल्या होत्या तरी ती परडीत हात घालून बघत होती. "हात वर करायचे असते तर केले असते. तू सांगितलं होतंस ना तसं. पण पडद्यामागे कोण बघतंय?"

खोलीत टेबल टेनिसचं टेबल उलगडलं गेलं. पोरं दोन-तीन रविवार खेळली, मग त्यावर पुन्हा मखर येऊन बसलं. नलूताई सभांना येत, पण बोलत कमी. त्या घरोघर जाऊन म्हाताऱ्यांजवळ बसतात असं कानावर यायचं. मला वाटलं नवा ठराव शिजतोय, आणि मी मनाची तयारी करून ठेवली. ठराव काही आला नाही. नव्वद साली त्या माणशी कराची, पोल टॅक्सची, गडबड झाली त्या सुमाराला त्या रिटायर झाल्या. आणखी काही वर्षांनी एडिनबराला मुलीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. मंडळाने शोकसभा घेतली. शोकप्रस्ताव एकमताने मंजूर झाला, हात वर करून. हरकत घ्यायला कोणी नव्हतं, आणि मला ते सहन झालं नाही, मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या एडिनबराला जायच्या आधी थोडेच दिवस. दाढ काढायची म्हणून मी ऑफिसला दांडी मारली होती. डेंटिस्टकडून निघालो, अर्धं तोंड बधिर, आणि बस स्टेशनजवळ रस्ता ओलांडायला थांबलो. समोर हीथ्रोची बस उभी होती, दुमजली. सहज वर नजर गेली.

वरच्या मजल्यावर पुढच्या काचेला लागून आमच्या म्हाताऱ्या बसल्या होत्या. साड्या, लोकरी टोप्या, कोट. अगदी पुढच्या सीटवर माझी आई. जिन्याला घाबरते म्हणून आम्ही जिची खोली खाली केली होती ती. कौन्सिलचा म्हाताऱ्यांसाठीचा फुकट पास आला होता तेव्हा मीच तो कपाटात ठेवून दिला होता, हिला काय करायचाय म्हणून. आई मागे वळून सगळ्यांना डब्यातलं भडंग वाढत होती आणि काहीतरी सांगत होती, आणि बाकीच्या हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. आई हात उंचावून, बोटं नाचवून बोलत होती. असं बोलताना मी तिला वडील गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

नलूताई सगळ्यांत मागे, एकट्या, खिडकीशी. त्या कोणाला काही समजावून सांगत नव्हत्या. मांडीवर भडंगाचा द्रोण घेऊन नुसत्या बसल्या होत्या. त्यांची नजर माझ्यावर पडली. मी हात वर करणार तेवढ्यात त्यांनी मान हलवली. एकदाच. नाही. मग जशी काही ओळखच नाही अशा बेताने तोंड फिरवलं, आणि बस निघून गेली.

माणूस माझ्या आईला मला न सांगता विमानतळावर घेऊन जातो आणि वर मलाच गप्प बसवतो! मी भर फुटपाथवर बधिर तोंडाने काय काय पुटपुटलो. एक बाई मला वळसा घालून गेली.

संध्याकाळी घरी आई पोळ्या लाटत होती. मोज्यांच्या जोड्या लावलेल्या, कपांचे कान एका दिशेला.

"काय केलंस आज दिवसभर?" मी विचारलं.

"मी काय करणार? घरीच होते."

बायकोने माझ्याकडे न बघता माझ्या पानात मऊ भात वाढला, दाढेमुळे. बघत नव्हती, म्हणजे बसचं तिलाही माहीत होतं. सगळ्या सुनांना माहीत असणार. मी घास घेतला. आई तव्यावरची पोळी उलटून बघत होती, स्वतःशीच.

"काय रे," ती म्हणाली, "विमानाचं पोट खालून केवढं मोठं दिसतं, नाही?"

आमच्या घरावरून विमानं जातात ती बोटाएवढी दिसतात.

"हो," मी म्हटलं. "फार मोठं दिसतं."